विमानाच्या रॉकेलचा वाटा

आटगाव सोडून हायवेने पुढे गेलं की आमच्या गावाच्या हद्दीत तेव्हा एक तेलाचा डेपो होता. तिथून टँकर भरून मुंबईच्या विमानतळावर जायचे. त्या तेलाला आम्ही विमानाचं रॉकेल म्हणायचो. रेशनच्या रॉकेलसाठी डबा घेऊन तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या आम्हा बायांना त्या टँकरांचा राग यायचा. पण त्याच रॉकेलचे पैसे गावाला मिळत होते. विक्रीकर सरकार न्यायचं, आणि डेपो करापोटी आमच्या ग्रामपंचायतीला वर्षाला एक ठोक रक्कम भरायचा.

ग्रामपंचायत एक, वस्त्या दोन. खाली हायवेजवळ गाव, वर चढावर आमचा पाडा. दरवर्षी पैसे खालीच जिरायचे. गावात काँक्रीटचा रस्ता झाला, समाजमंदिर झालं. पाड्यावरच्या बाया उन्हाळ्यात ओढ्यात खड्डा खणून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. मी सातवी पास, राखीव जागेवर निवडून आलेली सदस्य. पहिल्या बैठकीपासून एकच धरून बसले होते, की या पैशातून पाड्यावर नळ आणायचा. मागे मला ‘नळवाली’ म्हणायचे. म्हणोत बापडे.

शेवटी सरपंच कंटाळले. म्हणाले, “घरटी वाटा पाडू. जेवढी घरं तेवढा वाटा. बास?”

मला पटलं. आमच्याकडे ओढ्यात मासे मारले की असंच होतं. सागाच्या पानांवर ढीग लावायचे, दर चुलीला एक. म्हातारी एकटी असली तरी तिची चूल वेगळी, तिचा ढीग वेगळा. मी मान डोलावली. ठराव ग्रामसभेत आला. त्या दिवशी शहापूरहून विस्तार अधिकारीही आले होते. ग्रामसेवकांनी रजिस्टर उघडून वाचलं, “पाडा, घरं अकरा.”

पाड्यावर चुली सव्वीस होत्या, आणि रजिस्टरात अकराच का, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तीन वर्षांपूर्वी घरांवर नंबर टाकायला माणूस आला होता. नंबर आला की घरपट्टी आली. म्हणून वेगळे झालेले भाऊ एका घरचे झाले, मुलगे बापाच्या घरात गेले. शिकलेली म्हणून त्या माणसाशी बोलायला मला पुढे केलं होतं. उरलेल्या झोपड्यांना मी बेधडक गुरांचे गोठे म्हणून सांगितलं. वर हसलेही. त्यात माझ्या सासूची झोपडीही गोठा झाली.

अकरा घरांच्या वाट्यात पाइप अर्ध्या चढावर संपत होता. ठरावावर हात वर झाले असते तर नळाचा विषय कायमचा संपला असता. मी उठले.

“साहेब, घरं सव्वीस हायेत. आमी खोटं सांगितलं. मीच सांगितलं.”

एकच गलका झाला. सरपंच ओरडले, “पट्टी चुकवायला अकरा आन् पैसं घ्यायला सव्वीस? तीन वरसांची पट्टी वसूल करा, आन् हिला पंचायतीतून काढा!” त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

अधिकारी शांत माणूस. म्हणाले, “चला, वर जाऊन बघू. जिथे चूल पेटती, ते घर.”

भर दुपारी आम्ही चढ चढलो. वरून कुणीतरी आमचे पांढरे कपडे पाहिले असणार. पट्टीवाले आले म्हणून पाड्याने नेहमीचंच केलं. बायांनी चुलींवर पाणी ओतलं, दारं ओढून घेतली. पोरं ओळीने उभी राहून सांगू लागली, “आमी सगली एकाच घरची.” मी घसा फोडून सांगत होते, “अगो, खरं सांगा! आज खरं सांगायचं हाय!” कोण ऐकतो? खोटं बोलायला मीच शिकवलं होतं. साहेबांच्या कागदावर अकराच्या पुढे आकडा सरकेना. सरपंच गालात हसत होते. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात सासू पुढे आली. एका कोंबडीवरून आमचं फाटलं होतं, सात वर्षं अबोला होता. पण ही गोष्ट तिने परक्याला कधी कळू दिली नव्हती. लोकांपुढे आमचं घर एकच. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. साहेबांना झोपडीत नेलं. आत भाकर भाजत होती, विस्तव लालबुंद होता.

“ही माजी चूल,” ती म्हणाली. “सुनेची त्या अंगाला. सात वरसं मी तिच्या हातचं खाल्लं नाय. माज्या घराला गोठा सांगितला तिनं. मी काय ढोर हाय?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. साहेबांनी बारा लिहिलं. मग शेजारचं दार उघडलं. “माजीपन वेगली हाय.” मग त्याच्या पलीकडचं. ओल्या राखेतून अजून वाफ येत होती. सव्वीस चुली भरल्या.

पुढच्या उन्हाळ्यात नळ आला. मागची पट्टी आम्ही हप्त्याहप्त्याने फेडली, माझं सदस्यपण टिकलं. नळाला पाणी आलं त्या दिवशी मी सासूच्या पायाशी जाऊन बसले. म्हटलं, “आये, चुकले मी. आता एकीकडंच रांधू.”

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “नको गो. चूल एक केली तर घराचा एक नंबर जाल. पाड्याचा वाटा कमी होल.”

ती वेगळी रांधत राहिली, शेवटपर्यंत. आता ती नाही. तिच्या घराची पट्टी मी भरते, आणि मोजायला कुणी येणार असं कळलं की आधी जाऊन तिची चूल पेटवते.