सुजाताची गणपतीची रजा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, बहिणीसमोर नाही, आणि दर रविवारी ज्यांना मी 'मनात काही ठेवू नका' असं बजावते त्या साठ-सत्तर माणसांसमोर तर नाहीच नाही. तुला सांगतेय, कारण... कारणबिरण काही नाही. सांगतेय. ऐक.

मी लाइफ कोच आहे. हस, हस. माझ्या सासूबाई शेजारणींना अजून 'ती कसलेसे क्लास घेते' एवढंच सांगतात. मुलुंडला घरातल्या हॉलमध्ये सुरुवात केली, आता अंधेरीला मोठा हॉल भाड्याने घेते. पूर्वी माझ्या वर्कशॉपचं नाव होतं 'पहाटे पाच'. पाचला उठा, सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचा, कशालाही नाही म्हणू नका. मी घसा ताणून सांगायचे आणि लोक लिहून घ्यायचे. मग लॉकडाउन आला, गेला, आणि त्यानंतर यायला लागली ती पोरं वेगळीच — साडेसहाला लॅपटॉप बंद, रविवारी साहेबाचा फोन उचलत नाही, कर काय करायचं ते! 'पहाटे पाच'च्या शेवटच्या बॅचला चार माणसं आली, त्यातलं एक चुकून. मी बोर्ड बदलला. आता नाव 'हक्काची सुट्टी'. हॉल भरतो.

यात मला काडीची लाज वाटत नाही, आधीच सांगून ठेवते. लोक बदलले, मी बदलले. पाऊस थांबल्यावर छत्र्या विकत बसू? नवरा गमतीने म्हणतो, तू काल बरोबर उलटं सांगत होतीस. होते सांगत! मग? ज्याला नावं ठेवायची त्याने ठेवावीत, माझं घर यावर चालतं. माझी चूक ती नाहीच. मग कुठली — येतेय ना, जरा दमाने घे.

'हक्काची सुट्टी'त मी एक गोष्ट सांगते. घाटकोपरला राहणारी एक मुलगी, आई नाही, बाबा कुडाळजवळ गावात एकटे. गणपतीला ही दरवर्षी जायची. आता आम्हा कोकणातल्या माणसांचं तुला ठाऊक आहेच, एक वेळ नोकरी सोडू, पण गणपतीला गाव सोडणार नाही. गणपतीच्या वर बांबूची माटवी टांगतात, तिला नारळ, काकड्या, रानातली फळं बांधायची. बाबा स्टुलावर चढून बांधायचे आणि ही खालून एकेक फळ वर द्यायची, अगदी लहान होती तेव्हापासून. एका वर्षी हिच्या साहेबाने रजा नाकारली. ही गेली नाही. महिन्याभरात बाबा गेले.

इथे मी थांबते. पाण्याचा घोट घेते. बायका डोळे पुसतात, पोरं साहेबाला शिव्या घालतात. मग मी म्हणते, तुमची सुट्टी तुमच्या हक्काची आहे. टाळ्या!

साहेबाने रजा नाकारली नव्हती.

त्या मुलीचं नाव सुजाता. 'पहाटे पाच'मधली माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. साहेबाने रजेवर लगेच सही केली होती, वर 'मोदक आण' म्हणून सांगितलं होतं. तिकीट हातात होतं. आणि माझ्या वर्कशॉपमध्ये तेव्हा एक व्यायाम असायचा — जी सवय सोडणं सगळ्यात जड जाईल ती एक वर्ष सोडून दाखवा. सुजाताने लिहिलं होतं, रोजचा चहा. मी सगळ्यांसमोर तो कागद वाचला आणि हसले. म्हटलं, चहा काय सोडतेस? गणपती सोडून दाखव. प्रमोशन पाहिजे ना?

तिचा चेहरा पडला. आठवड्याने पुन्हा आली, म्हणाली, मॅडम, बाबा रोज फोनवर विचारतायत, 'येतलंस मां गो?' काय सांगू? आणि मी — हे सांगायचंच आहे, सांगते — मी म्हटलं, याला इमोशनल ब्लॅकमेल म्हणतात. एक म्हातारा माणूस पोरीला विचारतोय, येतेस ना, आणि मी त्याला हे नाव दिलं. तिने तिकीट रद्द केल्याचा फोटो मला पाठवला. मी उत्तर दिलं, 'झकास!'

का केलं असं? माझे बाबा गिरणीत होते. रजा मिळो न मिळो, चतुर्थीला गावी. परत आले की मुकादमाची बोलणी खायचे आणि मला शाळेत त्याची लाज वाटायची, म्हणून कदाचित... बघ, लागले सबब शोधायला. सोड ते. सुजाताचे बाबा वारले तेव्हा मी भेटायलाही गेले नाही. व्हॉइस मेसेज पाठवला, 'दुःखाला ताकद बनव.' तिला प्रमोशन मिळालं, तर ते दोन वर्षं माझ्या जाहिरातीत वापरलं. पुढे वारा फिरला तेव्हा तीच गोष्ट मी उलटी केली, आणि जिथे मी होते तिथे साहेबाला उभं केलं.

मागच्या महिन्यात गोष्ट सांगताना तिसऱ्या रांगेत सुजाता दिसली. मैत्रिणीबरोबर आली होती. मी थांबायला हवं होतं, नाही थांबले. पाण्याचा घोटसुद्धा घेतला, ठरल्या जागी. टाळ्या पडल्या. तिने वाजवल्या नाहीत.

हॉल रिकामा झाल्यावर ती जवळ आली. मला वाटलं, आता वाट लागली, आता ओरडणार. ओरडली असती तर मी तिला गप्प केलं असतं, मला येतं ते. पण ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, बाबा गेले तेव्हा साहेब स्वतः गाडी काढून मला कुडाळपर्यंत सोडायला आले होते. गोष्ट सांगायची तर सांगा. फक्त त्यांच्या जागी तुम्ही उभ्या राहा."

मी काय केलं असेल? हसले. 'बरं बाई, बघू' म्हटलं. आणि पुढच्या रविवारी गोष्टच गाळून टाकली. म्हटलं, मिटलं! नाही मिटलं. भित्री कुठली.

वर्कशॉप मी बंद करणार नाही. चांगलं चालतं, लोकांना उपयोग होतो, आणि मला दुसरं काही येतही नाही. या रविवारी बॅच आहे. ती गोष्ट पुन्हा घेणार आहे, आणि ऐकून कुणी उठून गेलं तर दार उघडंच असतं. तुला माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे. मी विचारणार नाही.

साहेबाने रजेवर सही केली होती. जाऊ नकोस असं मी सांगितलं. ती गेली नाही.