कावेरीच्या कापराचा आलेख

भूत, चकवा, भानामती असल्या कथा मी आयुष्यभर बाजूला सारत आलो. देवावर माझी श्रद्धा आहे; तिला चमत्काराचा आधार कधी लागला नाही. तरीही हे लिहितो आहे…

निजामी अंमलाची अखेरची वर्षे. परभणी तालुक्यातील पेडगाव. माझी सात वर्षांची कन्या कावेरी कफाने बेजार झाली होती. देव्हाऱ्यात कापराच्या दोन डब्या असत — एक भीमसेनी, जो औषध म्हणून पोटात चालतो. दुसरा आरतीचा, जो चालत नाही. मी सोवळ्यात होतो, उजेड कमी होता. कोणाला हाक न मारता वासावरूनच एक डबी उचलली, कापूर खलला आणि मोठी चिमूट मधातून तिला चाटवली. थोड्याच वेळात कावेरीला झटके येऊ लागले. दुपारच्या आत तिने माझ्या मांडीवर प्राण सोडला.

कोणती डबी होती ती? खलात उरलेली पूड मी घट्ट बुचाच्या बाटलीत भरून हैदराबादला पुतण्या श्रीधरकडे पाठवली. तेथील प्रयोगशाळेत तो इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी पदार्थ ओळखीत असे. प्रत्येक पदार्थ त्यांतील ठरावीक किरण शोषून घेतो आणि कागदावरील आलेखात तेथे खळगा पडतो.

"आता कशाला उकरून काढायलात?" पत्नी म्हणाली. "कळलं तर लेकरू माघारी येणार आहे का?"

महिन्याने श्रीधर स्वतःच आला. पाण्याचा तांब्याही न घेता त्याने कागद उलगडला.

"काका, हा खळगा आरतीच्या कापराचा. भीमसेनीचा इथं पडत नाही."

"म्हणजे मीच."

पत्नी हलकेच म्हणाली, "दोन्हीचा वास सारखाच येतो की हो…"

मी कागदावर बोट ठेवले. "आणि हा दुसरा?"

"त्याच्यासाठीच आलो, नाहीतर पत्र टाकलं असतं. माणसानं सोडलेल्या श्वासाचा खळगा असा पडतो. आधी वाटलं, माझाच श्वास असेल. मग यंत्राची पेटी बंद केली, आत श्वास शोषणारा क्षार ठेवला, मी शेजारच्या खोलीत बसलो. पूड ठेवायच्या रिकाम्या नळीला हा पडत नाही. बाजारच्या कापराला पडत नाही. कावूच्या पुडीला पडतो. अकरा वेळा पाहिलं, काका. आमचे साहेब म्हणायलेत, झोप काढत जा जरा."

पत्नीने तोंडाला पदर लावला. मी त्या रेषेवरून बोट फिरवले. विचारले, "श्रीधर, हा श्वास शांत आहे, की धाप लागलेला?"

"यंत्राला ते कळत नाही, काका."

पुढे अनेक जाणत्यांना विचारले. कोणी यंत्राचा दोष म्हणाले, कोणी श्रीधरचा. पण दोष दाखवून कोणीच दिला नाही. स्वतः श्रीधरलाही कारण कधी सापडले नाही. माझी चूक मला कळली. तिचे प्रायश्चित्त मी आजवर करीत आलो आहे. माझ्या मांडीवर ती शेवटी फार तडफडत श्वास घेत होती. त्या कागदावरचा श्वास कसा होता, एवढेच मला अजून कोणी सांगू शकलेले नाही.