भोंग्यावर न बोललेलं वाक्य

बायकोलाही हे माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काही नाही, आता आत ठेववत नाही.

मी ऑटोवर भोंगा लावून जाहिराती करतो. शहरातल्या राजापेठेपासून भातकुलीकडच्या गावांपर्यंत लोक माझा आवाज ओळखतात. साड्यांचा सेल असो की डोळ्यांचं शिबिर, माईक माझ्याच हातात. फुशारकी वाटेल, पण आपल्या वऱ्हाडीत मी सांगितलं की लोकांना ते घरच्या माणसानं सांगितल्यासारखं वाटतं.

एका बँकेनं खात्याची जाहिरात दिली. कागदावर दोन वाक्यं. खातं उघडायला एक रुपया लागत नाही — हे पहिलं. ठरावीक शिल्लक नसली तर दंड कापला जाईल — हे दुसरं. पहिलं ऐकून बाया ओट्यावरून उठून यायच्या, दुसऱ्याला माघारी फिरायच्या. मग मी दुसरं म्हणणंच सोडलं. बँकेनं ते गाळायला सांगितलं नव्हतं. ती माझीच हुशारी.

भातकुलीच्या कमलकाकूंनी माझ्या शब्दावर खातं उघडलं. स्वतः झेंडू पिकवायच्या, राजापेठेत स्वतः विकायच्या. हिशेब सगळा तोंडी, आणि चूक कधी नाही. बियाण्याला पैसे काढले, शिल्लक उतरली, दंड कापला गेला. काकू तडक माझ्या ऑटोपाशी आल्या. चारचौघांत.

"तू तं म्हनला होता, एक रुपया लागत नाई! मंग माये पैसे काहून कापले?"

मी काय म्हणायला हवं होतं? तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं.

"काकू, दंडाचं सांगतलं होतं न मी. तुमच्याच ध्यानात नाई राह्यलं."

आणि हसलो वरून. चोर तो चोर, वर शिरजोर!

त्या भांडल्या असत्या तर — पण भांडल्या नाहीत. "असंन बाप्पा," एवढंच म्हणाल्या.

त्यांचा माझ्यावरचा विश्वास तसाच राहिला, स्वतःवरचा गेला. गिऱ्हाइकाला सुटे देताना त्या दोनदोनदा विचारू लागल्या. मग गल्ला सुनेकडे दिला. आता सून फुलं विकते, काकू मागे बसून हार ओवतात. हे सगळं मी येता-जाता बघत आलो. लाज वाटते, पण बघत आलो.

परवा हार घ्यायला गेलो. काकूंना भाव विचारला.

"सुनेले विचार बाबू. मायं डोकं आता कामाचं नाई राह्यलं."

त्यांचं डोकं ठणठणीत आहे. तेव्हाही होतं. आणि हे त्यांना सांगू शकेल असा माणूस मी एकटाच आहे.

मी सुनेला पैसे दिले आणि हार घेऊन निघालो.