नकाशावरची युद्धनौका

देशाची गुपितं सामान्य माणसाच्या जागरूकतेमुळेच सुरक्षित राहतात. असा एक जागरूक माणूस दौंड-शिरूर एसटीत माझ्या शेजारी बसला होता. मोबाइलच्या नकाशावर जहाजांचे ठिपके होते आणि ठिपक्यांवर त्याचा तळहात.

“कुठलं तुम्ही? का बघताय?” त्यानं विचारलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

मग त्यानंच सांगून टाकलं, “पोरगा नेव्हीत हाय. युद्धनौका एरवी नकाशावर दिसत न्हाई. जहाजांच्या गर्दीत टक्कर नको म्हनून तेवढा ठिपका चालू करत्यात. कालपासनं त्योबी न्हाई. कुठं बोलू नका.”

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. “व्हय गं, दिसतोय की! निवांत चाललाय,” तो अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला.

फोन ठेवून त्यानं नकाशा माझ्यापुढं धरला. “तुम्हाला दिसतोय का कुठं?”

मला फक्त तेलाची दोन जहाजं दिसली.