विरजण लावताना बू रुबियेम बोलत नाही

जोग्याला, आमच्या जावातल्या या शहरात, कुणी फिरायला आलं की मला मेसेज येतो, कुठे खाऊ सांग ना. मी सांगते, स्टेशनसमोरच्या काचेच्या कॅफेत जा, एसीत बसून घाम वाळवा, एक कॉफी प्या आणि मग उठून आमच्या गल्लीत या. पत्ता विचारू नका, कानानं या. आधी बांबूत शिजणाऱ्या पुटूची, तांदळाच्या गोड वड्यांची, वाफेची शिट्टी ऐकू येईल, मग पाक मुगियोनोच्या बाक्सोच्या, म्हणजे गरम रश्शातल्या खिम्याच्या गोळ्यांच्या, गाडीवर चमच्यानं वाजणारी वाटी, टिंग टिंग, आणि मग एक बाई ऐकू येईल. ती बू रुबियेम. आमच्याकडे बायकांना मानानं बू म्हणतात आणि पुरुषांना पाक. बास, पोचलात.

बू रुबियेमकडे तापे मिळतं. हिरवा चिकट भात, विरजण लावून केळीच्या पानात मुरवलेला, वर किसलेला बर्फ, कोवळं खोबरं आणि लाल सरबत. असलं गोड, असलं गार की पहिल्या घासाला डोळेच मिटतात! जास्त मुरलेलं असेल तर जरा डोक्यातही जातं. मागे एका पाहुण्यानं वाटीवर वाटी हाणली आणि मग आमच्या गल्लीचे प्रमुख पाक एर्ते यांच्या कोंबड्याला मिठी मारून बसला, सोडेचना.

आणि बू बोलते. बाप रे, बोलते म्हणजे काय! मला रोज ऐकवते, "किनांती, आजपण केस न विंचरता कॉलेजला? सर घाबरून पास करतील म्हणून का गं?" पाहुण्यांना तर ती सरळ जावानीजमध्ये झापते, बूट काढून बसा, चमचा चाटू नका, बायकोला आधी द्या की मेल्यांनो, आणि ते बिचारे हसून मान डोलावतात आणि बूट काढतातसुद्धा. कसं कळतं देव जाणे.

फक्त एकाच वेळी ती गप्प असते. विरजण लावताना. तापेला विरजण लावताना बाईनं बोलायचं नाही, चिडायचं नाही, नाहीतर तापे आंबट होतं. माझ्या वर्गातल्या पोरी याला हसतात, पण त्यांच्या आयासुद्धा तोंड मिटूनच लावतात, मी पाहिलंय. बू सुपात गार झालेला भात पसरते, विरजणाची वडी चुरते, चाळणीतून भुरभुरवते, आणि ओठ असे मिटलेले की जणू शिवलेत.

आता गल्ली काय कमी आहे का! एरवी बूसमोर ज्याची टाप नाही तो नेमका तेव्हाच येऊन मनातलं बोलून जातो. शेजारची बू एन्दांग येऊन म्हणते, "तुझं बर्फ किसायचं यंत्र माझ्या भिंतीपासून लांब ठेव," आणि पळते. पाक एर्ते स्वतः येऊन म्हणाले होते, "रुबियेम, गल्लीच्या सफाईला तू गेल्या वेळी आली नाहीस." बूनं नुसती भुवई उचलली तर हे अंगणातून उलट्या पावलांनी बाहेर!

तर यंदा ईदच्या तीन दिवस आधीची गोष्ट. अख्ख्या गल्लीच्या ईदचं तापे बूच करते, आणि ते त्याच दिवशी लागायला हवं होतं, नाहीतर मुरणार कधी? दुपारची वेळ, सगळ्यांचे रोजे, मी बूच्या मागच्या पडवीत बसून केळीची पानं पुसत होते. बूनं विरजण चुरायला घेतलं. आणि दारात पाक मुगियोनो.

हा माणूस वोनोगिरी गावचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. उंच, वाकलेला, आणि इतका लाजरा की गिऱ्हाइकानं तिखट मागितलं तर हाच सॉरी म्हणतो. ईदला सगळे बाक्सोवाले बस भरून गावी गेले, हा एकटा थांबला होता. का ते तेव्हा कळलं. रोज संध्याकाळी बूच्या दारासमोर ह्याची वाटी जरा जास्त वेळ टिंग टिंग करते हे गल्लीतल्या मांजरांनासुद्धा माहीत होतं, पण तो कधी बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"बू," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघितलं. मग छताकडे. "तुम्ही आत्ता बोलणार नाही म्हणून आलो. एरवी तुम्ही मधेच बोलता आणि मग मी विसरतो." 

माझ्या हातातलं पान टर्रकन फाटलं.

"मला वाटतं की, म्हणजे माझी गाडी आणि तुमचं दुकान, शेजारी शेजारी, म्हणजे गाडी नाही, आपण. लग्न करू या का?"

अल्ला! मी पानांमागे तोंड लपवलं. बूचा चेहरा लालबुंद, डोळे हे एवढे, नाकपुड्या फुगलेल्या, पण ओठ? मिटलेले! चाळणी हलतेय, भुरभुर, भुरभुर. तो उभा. ती गप्प. तो अजून उभा. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळायला लागला, खरंच, दिवा लावल्यासारखा, आणि तो मागे वळून पळत सुटला. चपला तिथेच राहिल्या.

झालं असं होतं की त्याला पाक एर्तेंनी शिकवून पाठवलं होतं. लग्नाचं विचारल्यावर बाई गप्प राहिली तर हो समजायचं, आमच्याकडे पूर्वीपासून तसंच आहे. आणि बू ओरडू नये म्हणून विरजणाची वेळ ह्यानं स्वतः शोधून काढली होती. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठीक होत्या हो, एकत्र केल्या आणि वाट लागली!

बूनं मला डोळ्यांनी खूण केली, जा, थांबव त्याला. मी उठले, पण पानांवरून घसरले, आणि तेवढ्यात शेजारच्याच मशिदीचा भोंगा खरखरला. पाक एर्तेंचा आवाज. "मशिदीत लहान मुलाची एक निळी चप्पल सापडली आहे, ज्यांची असेल त्यांनी न्यावी. तसंच कळवायला आनंद होतो की पाक मुगियोनो आणि बू रुबियेम यांचं लग्न ठरलं आहे."

"काऽऽऽय?"

ती किंकाळी थेट सुपात. विरजणावर. अर्धा भात अजून कोरा होता. बूनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण गेलं ना बाहेर! आणि एकदा बाहेर पडल्यावर मग काय, पाक एर्ते, त्यांचा कोंबडा, वोनोगिरी, जगातले सगळे बाक्सो, कुणालाच सोडलं नाही. बोलता बोलताच तिनं उरलेलं विरजण फेकल्यासारखं टाकलं आणि पुड्या बांधल्या. दुसरा भात शिजवायला वेळच नव्हता.

पाक मुगियोनो संध्याकाळी चपला न्यायला आला. तिनं त्या खिडकीतून फेकल्या. "मी तापेसाठी गप्प होते, तुमच्यासाठी नाही!" त्याचा चेहरा बघवेना मला. शप्पथ, मी खोलीत जाऊन रडले.

ईदच्या सकाळी गल्लीभर नवे कपडे, प्रत्येक घरी जायचं, वर्षभराची माफी मागायची आणि पुडी उघडून तापे खायचं. मी पहिला घास घेतला आणि माझा एक डोळा आपोआप मिटला. आंबट! कच्ची चिंच परवडली! पण आमच्याकडे कुणाच्या घरी बसून वाईट आहे म्हणायची पद्धतच नाही. बूच्या ओट्यावर रांग, आणि जो तो घास गिळतोय आणि म्हणतोय, "वा, छान झालंय." बू एन्दांगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, "दरवर्षीपेक्षा गोड!" पाक एर्तेंनी तर दुसरी पुडी मागितली, भीतीनं. दोन पाहुणे, नवराबायको, पाठीवर बोचकी घेऊन खायला काही शोधत हिंडत होते, सगळं बंद, म्हणून त्यांनाही ओढून बसवलं. त्यांनी खाल्लं, एकमेकांकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, हे असंच असतं का? मी म्हटलं, ईदला असंच असतं. त्यांनी सगळं संपवलं, बिचारे.

बू प्रत्येकाकडे बघत होती, आणि प्रत्येक "छान"ला तिचा चेहरा अजूनच उतरत होता.

मग तो आला. कडक इस्त्रीचा बातिकचा सदरा, केसांना तेल. त्यानं दोन्ही हात पुढे केले. "बू, माझं चुकलं. माफ करा."

बूनं पुडी त्याच्या हातात ठेवली. त्यानं खाल्लं. चावलं. गिळायला वेळ लागला.

"कसं झालंय?" बूनं विचारलं.

मी मनात ओरडत होते, छान म्हण, छान म्हण, अरे छान म्हण रे बाबा!

"आंबट झालंय," तो म्हणाला.

बू एन्दांगनं छातीवर हात मारला. पाक एर्ते चपला शोधायला लागले.

"फार?"

"फार. खाता येत नाहीये. माझ्यामुळे झालं."

आणि बू हसायला लागली. इतकी हसली की खांबाला धरावं लागलं. "सकाळपासून अख्खी गल्ली माझ्या तोंडावर खोटं बोलतेय," ती म्हणाली, "माझा आधीचा नवराही असाच. कधी मीठ कमी आहे एवढंसुद्धा बोलला नाही. गोड गोड करत एक दिवस सुराबायाला गेला तो परत आलाच नाही. मुगियोनो, आता विचारा. आत्ता माझं तोंड उघडं आहे."

तो उभा. तोंड उघडलं, मिटलं. मागून पाक एर्ते फुसफुसतायत, "लग्न, लग्न!" पाहुण्यांना काही कळत नव्हतं तरी त्या बाईनं नवऱ्याचा हात घट्ट पकडलेला.

"कराल का?" तो शेवटी म्हणाला. एवढंच.

"हो," बू म्हणाली, "पण," आणि त्या पणनंतर गाडी दाराच्या डाव्या बाजूला लागेल, हाडं उकळायची ती अंगणात, घरात वास नको, तुमच्या आईला मी स्वतः भेटायला येणार, पाक एर्तेंना भोंग्याजवळ फिरकू द्यायचं नाही, आणि हे तेल कुठलं लावलंय डोक्याला, असं सुरू झालं ते दुपारच्या बांगेपर्यंत चालूच होतं, आणि पाक मुगियोनो समोर बसून, एकेक शब्दाला मान डोलावत, अख्खी पुडी संपवत होता.