पाहुणा आला आहे

माइक सुरू करण्याआधी भाऊ त्यावर तळहात ठेवायचे आणि जंगलाच्या बाजूला एकदा बघून घ्यायचे. मग घसा खाकरून पहिलं वाक्य, कायम तेच: "कान इकडे द्या जी, काम तुमचंच आहे!"

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा असतो. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढचं. वैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे गडचिरोली जिल्हा. भाऊंची जुनी लुना, तिला मागे बांधलेला भोंगा, आणि त्या भोंग्यातून नाटक, कबड्डी, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, पोलिओचा डोस, हरवलेली शेळी, सगळं एकाच सुरात. शेळीचं वर्णन तर ते असं करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगी दाखवायची आहे.

नवऱ्याची बदली इथल्या सरकारी दवाखान्यात झाली म्हणून मी वर्ध्याहून आले आणि वेळ जाईना म्हणून चंद्रपूरच्या एका साप्ताहिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवू लागले. खरं सांगायचं तर अर्ध्या बातम्या भाऊंच्याच. मी फक्त शुद्धलेखन सुधारायची. छापून आल्या की ते अंक घेऊन दारात हजर. "बाई, नाटकाची बातमी लिवली, पन पेंडालवाल्याचं नाव काऊन नाई टाकलं? तो आता पुढच्या साली तुमाले मागची खुर्ची देते, पाहा."

नाटकाच्या पाहुण्यांची यादी हा त्यांचा जीव की प्राण. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, अशी वीस-बावीस नावं ते एका दमात घ्यायचे. एक नाव सुटलं तर तो माणूस तीन वर्षं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

एवढी नावं घेणारा हा माणूस एक नाव मात्र कधीच घेत नसे. ते जनावर, अंगावर पट्टे असलेलं, जे बघायला पुण्या-मुंबईचे लोक जिप्सीत बसून येतात. त्याचं नाव जंगलाच्या कडेला उच्चारायचं नाही. घेतलं की येतो. गावात त्याला 'पाहुणा' म्हणत. लहान पोरांनाही हे ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण सांगायचं तर सांगणाऱ्याला नाव घ्यावं लागलं असतं.

माघ संपत आला होता. शुक्रवारी नाटक होतं आणि बुधवारी सकाळीच भाऊंनी पाहुण्यांची यादी गावभर ऐकवली होती. दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा भोंगा वाजला. वारा उलटा होता, तुटक तुटक ऐकू आलं: "पाहुना आला आहे जी... तलावाच्या पारीकडे... बायापोराईनं तिकडे जाऊ नये..."

तलावाच्या पारीच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे विश्रामगृह आहे. मी म्हटलं, आले वाटतं प्रमुख पाहुणे, तेही दोन दिवस आधी. बायापोरांनी जाऊ नये म्हणजे पोलीस बंदोबस्त असणार. मुलाखत मिळाली तर पहिल्या पानावर जाईल. मी वही घेतली, केस सारखे केले आणि निघाले. आज हे लिहिताना हसू येत नाही.

वाटेत एकही माणूस नव्हता. घरांची दारं लागलेली. तलावाच्या पारीवर रोज कपडे धुणाऱ्या बायका असतात, त्या दिवशी दगडावर नुसता साबण पडलेला होता. बांधाच्या टोकाला बेशरमाची दाट झुडपं आहेत. त्यावरच्या झाडावर माकडं खोकल्यासारखा आवाज काढत होती, सारखी, थांबेचनात. मला वाटलं, माकडांचं काय, ती ओरडतातच.

मागून लुनाचा आवाज आला आणि भोंगा कडाडला. "बाई! मागे फिरा! पाहुना आहे तिथी!"

मी वही हलवली आणि ओरडून सांगितलं, "हो भाऊ, त्यांनाच भेटायला चालले!"

क्षणभर भोंग्यातून नुसती खरखर आली. झुडपातलं एक पान वाऱ्याविरुद्ध हललं. आणि मग भाऊंनी ते नाव घेतलं. तीनदा घेतलं, पूर्ण आवाजात. सगळ्या गावाने ऐकलं. मला त्या दोन अक्षरांचा अर्थ कळायला जरा वेळ लागला, पण पायांना आधी कळला. ते खिळले. झुडपाच्या आत काहीतरी मोठं उठलं, पिवळं दिसलं, आणि ओल्या कपड्यासारखा उग्र वास आला. ते जंगलाकडे गेलं.

भाऊंनी मला लुनावर बसवलं, पण त्यांना किक मारता येईना. "काय झालं हे माझ्या तोंडून," एवढंच ते म्हणत राहिले.

त्याच संध्याकाळी ते वाघोबाच्या दगडापाशी नारळ घेऊन गेले. (त्याच्या दगडाचं नाव चालतं, देवाचं नाव आहे ते.) मला म्हणाले, "तुमची चूक नाई, बाई. तुमी वर्ध्याच्या, तुमाले काय मालूम. पन मी तं इथचा."

त्यानंतर भाऊ बदलले. दिवस मावळायच्या आत दाराला कडी. कुत्रं घरात. पान वाजलं की मान वळायची. झोपेची गोळी मागायला दवाखान्यात आले, तेव्हा मी शहाणपण शिकवायला गेले. "भाऊ, नाव घेतल्याने कोणी येतं का?"

"तुमी आल्या ना," ते म्हणाले. "मी पाहुना म्हनलो, तं तुमी आल्या."

रात्री मीही खिडकी लावून घेतली. मला भीती वाटत होती, आणि ती माझ्यासाठी कमी, त्यांच्यासाठी जास्त होती. माझा जीव वाचवायला त्यांनी स्वतःच्या घरावर काहीतरी ओढवून घेतलं, असं त्यांना वाटत होतं, आणि हळूहळू मलाही वाटू लागलं.

चैत्रात मोह पडू लागला. जंगलाच्या कडेच्या दोन झाडांखालची फुलं वेचायला दरवर्षी त्यांची बायको पहाटे जायची. यंदा भाऊंनी तिला उंबऱ्यावर अडवलं. "नाव मी घेतलं. बोलावनं माझं आहे. तू कायले जातेस?" मोह सोडून चालणार नव्हतं, त्यावरच त्या घरची वर्षाची मीठमिरची चालायची. म्हणून ते स्वतः जाऊ लागले. घाबरलेला माणूस, रोज अंधुक उजेडात टोपली घेऊन जायचा. आठ वाजता त्यांची लुना परत आल्याचा आवाज ऐकला की मी चहा टाकायची.

दहा-बारा दिवस टोपली भरून आली. मग एका सकाळी नुसती टोपली सापडली. भाऊ सापडले ते दुपारी, नाल्याच्या पलीकडे.

वनविभागाची माणसं आली, फोटो काढले, गेली. गावकऱ्यांना सावध करायचं होतं, पण माइक हातात घ्यायला कोणी तयार होईना. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी त्यांच्या बायकोजवळ जाऊन बसले. तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "बाई, पेपरात देऊन राह्यल्या ना? त्याईचं नाव मोठ्या अक्षरात छापा. लय नावं घेतली त्याईनं लोकाईची, त्याईचं कोनी नाई घेतलं." आणि थांबून, दाराकडे बघत, अगदी हळू: "पन त्याचं नको."

मी भाऊंचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. त्यांनी जाहीर केलेल्या नाटकांची नावं लिहिली. बातमी पाठवली. संध्याकाळी संपादकांचा फोन आला.

"चांगली लिहिलीय. पण माणूस गेला कशाने, तेच राहिलंय. एक शब्द."

"तेवढा तुम्ही घाला," मी म्हटलं. "मी इथे राहते."