पाचवीचा मान

बी.कॉम. होऊन मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागलो, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. १९५७ साल असेल. तेव्हा कारखान्याने पुण्याच्या एका इस्पितळाशी करार केला होता. सभासद शेतकऱ्यांच्या घरातली बाई कारखान्याने निवडायची, तिचा खर्च सोसायचा. इस्पितळाने तिला सुईणपण शिकवायचं. आणि परत आली की कारखान्याच्या दवाखान्यात तिला पगारी नोकरी. अशी पहिली गेली ती अंथुर्ण्याची सारजा. तिचा नवरा सोपान कारखान्यातच फिटरच्या हाताखाली होता.

सारजा शिकून आली. पहिलं बाळंतपण तिने गावातल्या मुक्ताबाईच्या सुनेचं केलं. मूल अडलं होतं, तरी दोघं सुखरूप सुटली. त्यानंतर मात्र तिला एकही बोलावणं आलं नाही. गाव पुन्हा जुन्या सुईणीकडे, भागूबाईकडे जाऊ लागलं. संचालकांनी ठरवलं, गाळप संपेपर्यंत असंच राहिलं तर सारजाची जागा बंद आणि करारही बंद.

"मी परत खुरपं हातात घीन, त्याचं काय न्हाय," सारजा मला म्हणाली. "पर मग हितली एक बी बाई पुण्याला जायची न्हाय."

मला कोडं पडलं. काम चांगलं झालं होतं, पैसा लागत नव्हता, मग अडलं कुठं? एका रविवारी सायकल काढून मी सरळ मुक्ताबाईच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"पोरीचा हात चांगला हाय, अण्णा," मुक्ताबाई म्हणाली. "पर खणनारळ पुढं केला, तर हात जोडून म्हणली, मला पगार हाय. आन् पाचवीला आलीच न्हाय. पाटावरवंटा मांडला, सटवाई पुजली, आन् सुईणीचा पाट रिकामा! मान कुणाला द्यायचा? दवाखान्याच्या कपाटाला?"

"तिला ड्यूटी होती."

"आसंल की. पर लेकराच्या पाचवीला सुईण न्हाय, ह्ये कुणी ऐकलंय का?"

करारात कलम होतं, पगारी बाईने कुणाकडून काही घ्यायचं नाही. कलम गैर नव्हतं. नाहीतर उद्या कुणी खण मागूनही घेतला असता. मुक्ताबाईचं बोलणं मी सारजाला सांगितलं. ती पदर खोचून उठली. "चला, भागूआत्याकडं."

भागूबाई दारात शेंगा फोडत बसली होती. "आली का पुण्याची मडम! काय, माझं बी बाळंतपण करतीस का?"

"आत्या, मान तुमचा. खण तुमचा, पाचवीचा पाट तुमचा. फकस्त बोलावणं आलं की मला संगं न्या."

"आन् नाळ कोण कापनार?"

"तुमीच. पर विळा न्हाय. माझी उकळलेली कात्री. आन् आधी हात साबणानं धुवायचं, कोपरापातुर."

भागूबाईने शेंगांची टोपली बाजूला सारली. "आगं, तुज्या नवऱ्याला ह्याच हातांनी जगात आणलंय मी!"

"म्हणून तर त्येच हात पायजेत."

म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "काय वो अण्णा, साबण कारखान्याचा का?"

"कारखान्याचा," मी म्हणालो.

"मग वासाचा द्या. त्यो पिवळा नगं."

त्यानंतर दोघी एकाच बैलगाडीतून जाऊ लागल्या. बाईला कळा सुरू असताना भागूबाई तिला धीर द्यायची, घरच्यांवर खेकसायची, आणि सारजा आपलं काम करायची. मूल आडवं असलं की म्हातारी स्वतःच म्हणायची, "हिचं न्हाय हितं होनार, गाडी जुपा दवाखान्याला." सारजाने एवढं कितीदाही सांगितलं असतं, तरी घरच्यांनी बैल जुंपले नसते.

गाळप संपलं. संचालकांच्या बैठकीत सारजाला बोलावलं. हिशेबाची माहिती द्यायला मीही होतो. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. बोलावणी तुम्हाला येतात की त्या म्हातारीला?"

"तिला," सारजा म्हणाली. "पर ती माझ्याबिगर जात न्हाय."

एक संचालक, अंथुर्ण्याचेच गेणबा, मिशीत हसले. "खरं हाय. गेल्या म्हैन्यात माझ्या दारात म्हातारी गाडीतनं उतरंना. म्हणली, आदी सारजाला आणा."

जागा राहिली. जूनमध्ये दुसरी बाई पुण्याला गेली, भागूबाईची धाकटी सून छबूबाई.